शेरा लिहायला कोण शिकवणार?

दोन महिन्यांपूर्वी शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या एका मेळाव्याला मला बोलावलं होतं. निवृत्तांचा सत्कार होता. शाल-श्रीफळ झालं आणि मग एका ज्येष्ठ प्राचार्यांचं भाषण झालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शिक्षकेतरांना प्रशिक्षण नको, शिस्त हवी. खिडकीवरच्या माणसाने वेळेवर यावं, मुलांशी गोड बोलावं, एवढं पुरे. बाकीचं काम आता पोर्टल करतं. प्रशिक्षणावर पैसा घालायचाच असेल तर तो प्राध्यापकांवर घालावा, कारण कॉलेज त्यांच्यामुळे चालतं. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आमचीच माणसं जास्त होती, याचं मला फार वाईट वाटलं.

सत्काराची शाल अंगावर असताना वाद घालायचा नसतो, म्हणून त्या दिवशी गप्प बसले. आज लिहिते आहे. १९९३ ला मी कॉलेजच्या ऑफिसात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि २०२४ च्या डिसेंबरात कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यातली नऊ वर्षं शिष्यवृत्तीच्या टेबलावर गेली, सहा वर्षं मुलींच्या वसतिगृहाची जादा जबाबदारी होती. सरांचे सगळेच मुद्दे खोटे आहेत असं मी म्हणणार नाही. एक तर अगदी खरा आहे, त्याकडे पुढे येते. पण त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्या चुकीची किंमत कोण मोजतं हे मी खिडकीच्या आतून पाहिलं आहे.

पोर्टलपासूनच सुरुवात करते. महाडीबीटी हे शासनाचं शिष्यवृत्तीचं पोर्टल २०१७ पासून आलं. विद्यार्थी अर्ज भरतो, कागद अपलोड करतो, अर्ज कॉलेजच्या लॉगिनला येतो. तिथे आमच्या लिपिकाने एकेक कागद उघडून बघायचा आणि बरोबर असेल तर पुढे पाठवायचा. चूक असेल तर ‘सेंड बॅक’ करायचं आणि खालच्या चौकटीत शेरा लिहायचा. पोर्टल काम करतं म्हणणाऱ्यांनी ही चौकट कधी पाहिलेली नसावी. ती चौकट पोर्टल भरत नाही. ती माणूस भरतो.

एका मुलीचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. गावाहून एसटीने यायची, सव्वा तास प्रवास. तिचा अर्ज तीनदा परत गेला होता. तिन्ही वेळा शेरा एकच, इंग्रजीत: ‘डॉक्युमेंट नॉट प्रॉपर’. पहिल्यांदा ती गावातल्या ई-सेवा केंद्रात गेली. तिथल्या मुलाने विचार केला, स्कॅन अस्पष्ट असेल. त्याने तोच दाखला पुन्हा नीट स्कॅन करून चढवला आणि पैसे घेतले. अर्ज पुन्हा परत आला. मग त्याला वाटलं, फाइल मोठी झाली असेल. पुन्हा पैसे. तिसऱ्या वेळी ती खिडकीवर आली, मोबाइल पुढे धरला आणि म्हणाली, “मॅडम, यात चुकलंय काय, तेवढंच सांगा.” मी बघितलं. उत्पन्नाचा दाखला आदल्या वर्षाचा होता. बस्स. शेऱ्यात ‘उत्पन्नाचा दाखला जुना आहे, चालू वर्षाचा लावा’ एवढं मराठीत लिहिलं असतं तर ती मुलगी पहिल्याच खेपेला तहसीलला गेली असती. अर्जाची मुदत संपायला तेव्हा चार दिवस उरले होते.

आता ज्याने तो शेरा लिहिला त्याच्याबद्दल सांगते. मुलगा तरुण, पावणेदहाला टेबलावर हजर, एकाही विद्यार्थ्यावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. म्हणजे सरांनी सांगितलेल्या दोन्ही अटी त्याने पूर्ण केल्या होत्या. मी त्याला विचारलं, असा शेरा का लिहिलास? तो म्हणाला, “आधीचे सर हेच लिहायचे, मी त्यांचंच बघून शिकलो.” आधीचे सर म्हणजे ज्यांनी बदली होताना त्याला लॉगिनचा पासवर्ड कागदावर लिहून दिला होता. त्याचं प्रशिक्षण म्हणजे तो कागद. शिस्त वाढवून या मुलाचा शेरा सुधारला असता का? समोरचा माणूस हा शेरा कुठे, कुणाबरोबर, कोणत्या घाईत वाचणार आहे याचा विचार करून लिहायचं असतं, हे कुणीतरी त्याच्या शेजारी बसून सांगायला हवं होतं.

पोर्टल आल्याने खिडकीवरचं काम कमी झालं हाही गैरसमज आहे. काम बदललं, आणि अवघड झालं. ८ जुलै २०२४ ला शासनाने मुलींच्या शुल्कमाफीचा निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या, व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी. चांगला निर्णय. पण घराघरांत बातमी पोचली ती ‘मुलींना शिक्षण फुकट’ अशी. दुसऱ्या दिवसापासून खिडकीवर वडील मंडळी. बीएला लेक घातलेले, बीकॉमला घातलेले, इंजिनिअरिंगला मॅनेजमेंट कोट्यातून घातलेले. “सरकारने माफ केलंय, तुम्ही फी कसली मागता?” आमच्या खिडकीवरच्या ताईंच्या हातात तेव्हा परिपत्रकसुद्धा आलेलं नव्हतं. त्यांनी काय सांगायचं? एक बाप तावातावाने परत गेला, लेकीचा अर्धा भरलेला फॉर्म काउंटरवर तसाच टाकून. त्या मुलीला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती लागू होते का, एवढं तरी त्याला थांबवून विचारायला हवं होतं. कोणती योजना कोणाला, कोणता दाखला कुठे मिळतो, एका योजनेत बसत नसेल तर दुसरी कोणती, हे ज्ञान आहे. ते दर वर्षी बदलतं. गोड बोलून ते येत नाही.

या गोड बोलण्यावर मला जास्त लिहायचं आहे, कारण आपुलकी असली की झालं, हे मत फक्त त्या सरांचं नाही. आमच्यातल्याही बऱ्याच जणांचं आहे. बरीच वर्षं माझंही होतं.

१९९७ ची गोष्ट. तेव्हा सगळं कागदावर. एक मुलगा शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन आला, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला नव्हता. मी मायेने म्हटलं, “बाळा, वडिलांचा दाखला आण, मग घेते तुझा फॉर्म.” तो आठवड्याने परत आला, दाखला नव्हताच. मी पुन्हा तेच सांगितलं, त्याला पाणी दिलं, बसवलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा खिडकीपाशी नुसताच उभा राहिला, मागच्या मुलाला पुढे जाऊ दिलं, मग त्याच्या मागच्यालाही. मी गर्दीत होते. थोड्या वेळाने बघितलं तर तो नव्हता. दिवाळीनंतर तो वर्गातही दिसेना. पुढे त्याच्या गावच्या एका मुलीकडून कळलं की वडील घर सोडून गेले होते, कुठे आहेत ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते चारचौघांत, रांगेत उभं राहून त्याला सांगवत नव्हतं.

मी त्याच्याशी कठोर वागले नव्हते. मला दोन गोष्टी माहीत नव्हत्या. एक, तिसऱ्यांदा रिकाम्या हाताने आलेल्या मुलाला ‘आण’ म्हणायचं नसतं, बाजूला घेऊन ‘का मिळत नाही’ ते विचारायचं असतं. दुसरं, वडिलांचा पत्ता नसेल तर काय करायचं. समाजकल्याणच्या एका वरिष्ठ लिपिकाला मी नंतर विचारलं. ते म्हणाले, “अहो, असे अर्ज आमच्याकडे येतात, आधी आम्हाला विचारायचं, वाट निघते.” चार वर्षं त्या टेबलावर बसून मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मला हे विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. त्या मुलाचं नाव जनरल रजिस्टरला आहे. त्यापुढचा रकाना कोरा आहे.

म्हणून ‘खिडकीवर काय शिकायचंय?’ हा प्रश्न ऐकला की मला राग येतो.

भरतीच्या वेळी आमच्याकडून काय मागितलं जातं? पदवी, मराठी टायपिंग मिनिटाला ३० शब्द, इंग्रजी ४०, आणि एमएस-सीआयटी. म्हणजे बोटांचा वेग तपासून माणूस घेतला जातो आणि जूनच्या गर्दीत पहिल्याच दिवशी खिडकीवर बसवला जातो. घरात पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलाला हे कॉलेज म्हणजे कोण वाटतं? वर्ग सुरू व्हायला अजून वेळ असतो. प्राचार्य त्याला दिसतात ते स्वागत समारंभात, दुरून. तोवर त्याने तीन-चार वेळा खिडकी गाठलेली असते. एलिजिबिलिटी, बोनाफाईड, पासचं पत्र, जातपडताळणीच्या फॉर्मवर सही. ज्याचे आईवडील शिकलेले आहेत त्याला खिडकीवर चुकीचं उत्तर मिळालं तरी घरी कुणीतरी म्हणतं, “असं कसं, मी येतो उद्या.” ज्याच्या घरी असं म्हणणारं कुणी नाही त्याच्यासाठी आमचं उत्तर हेच शेवटचं असतं. आम्ही ‘होत नाही’ म्हटलं की होत नाही.

प्राध्यापकांची गोष्ट बघा. त्यांच्या प्रशिक्षणाला माझा काडीचाही विरोध नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर त्यांच्यासाठी अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजेस निघाली. पुढे त्यांची नावं बदलत गेली, २०२३ पासून मालवीय मिशन आहे. नव्या प्राध्यापकाला काही आठवड्यांचा वर्ग, मग उजळणीचे वर्ग, आणि ते केल्याशिवाय पदोन्नती अडते. कारण शिकवणं ही शिकून घ्यायची गोष्ट आहे हे देशाने मान्य केलं. आमची पदोन्नती ज्येष्ठता यादीने होते. शिकलात काय, न शिकलात काय, यादीतला नंबर तोच. मग शिकायची हौस कुणाला राहील?

सरांनी भाषणात कर्मवीर भाऊराव पाटलांचं आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं नाव घेतलं. लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगच्या मुलांसाठी मंगळसूत्र मोडलं. त्यांनी कुठलं ट्रेनिंग घेतलं होतं, असा सरांचा सवाल होता. हा सवाल ऐकायला जोरदार वाटतो, पण उलटा आहे. लक्ष्मीबाई त्या मुलांबरोबर एका छपराखाली राहत होत्या. कोण जेवलं नाही, कोण रात्री रडलं, हे त्यांना चुलीपाशी कळत होतं. आज एका लिपिकाच्या वाट्याला शेकडो अर्ज येतात आणि मुलं त्याला काचेतून, अर्ध्या हाताच्या भोकातून दिसतात. आणि कर्मवीर निव्वळ मायेच्या भरवशावर राहिले असं कुणी सांगितलं? १९१९ ला काले गावात रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊरावांनी १९३५ मधे साताऱ्यात खेड्यातल्या शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज उभं केलं. माया पुरत नाही, माणूस तयार करावा लागतो, हे त्यांना कळत होतं. त्यांचं नाव प्रशिक्षणाच्या विरोधात घेऊ नये.

विद्यार्थ्यांची काळजी हा वेगळा पेशा मानणं म्हणजे परदेशी फॅड, असाही सूर त्या भाषणात होता. १९१९ साली, रयत निघाली त्याच वर्षी, अमेरिकेत विस्कॉन्सिनमधे विद्यार्थ्यांची देखभाल करणारे काही डीन एकत्र जमले. त्यातून तिकडे या पेशाची संघटना उभी राहिली. पण त्याच्या १८ वर्षं आधी, १९०१ मधे, शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं होतं आणि पुढे वेगवेगळ्या समाजांच्या वसतिगृहांची रांग लावली होती. मुलगा शिकायचा असेल तर आधी त्याच्या राहण्याजेवणाची व्यवस्था लावली पाहिजे, ही आपली गोष्ट आहे. तिकडे त्यांनी त्या कामासाठी पदव्या, अभ्यासक्रम आणि कामाचे निकष तयार केले. आपण ते काम जादा कार्यभार म्हणून वाटून टाकलं.

वसतिगृहाचंच घ्या. रॅगिंगविरोधी नियमांत विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मधेच सांगितलं आहे की वसतिगृहाला पूर्णवेळ वॉर्डन असावा, तो तिथे किंवा अगदी जवळ राहावा, आणि त्याची निवड करताना शिस्त राखण्याबरोबरच तरुण मुलांशी बोलण्याचं, त्यांना समजून घेण्याचं कौशल्यही बघावं. मी सहा वर्षं रेक्टर होते ती ऑफिसचं काम सांभाळून. मला निवडलं कारण माझं घर जवळ होतं.

त्या काळातली श्रावणातली एक गोष्ट. एक मुलगी चार दिवस मेसमधे ताट घ्यायची, दोन घास खायची आणि ताट परत ठेवायची. पाचव्या दिवशी न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं, दुसऱ्या दिवशी बोलती झाली. घरच्यांनी तिला न विचारता लग्न ठरवलं होतं. मी मेसच्या मावशींना विचारलं, तुमच्या लक्षात नाही आलं? त्या रडायला लागल्या. “मॅडम, मला पहिल्याच दिशी दिसलं होतं. उपास असंल म्हटलं. दुसऱ्या दिशी वाटलं, हे काय उपासाचं न्हाई. पण सांगायचं कुणाला असतंय?”

मावशींची नजर माझ्यापेक्षा तयार होती. त्यांना फक्त एवढं सांगायला हवं होतं की जे दिसलं ते सांगणं हेही तुमचं काम आहे, आणि ते रेक्टरला, त्याच दिवशी, आडून न सांगता सांगायचं. पण मेस ठेकेदाराची, वॉचमन एजन्सीचा. ही माणसं कॉलेजच्या मस्टरवरच नाहीत. मग त्यांना सांगणार कोण? शाळा-कॉलेजात रात्री मुलांच्या सगळ्यात जवळ असतात ती हीच माणसं.

सर कदाचित म्हणतील, हा माझा एकटीचा अनुभव. मग न्यायालयाचं ऐकू या. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणममधे नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशातल्या सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी निर्देश दिले. त्यात स्पष्ट आहे: शिक्षक आणि शिक्षकेतर, दोन्ही कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा सक्तीचं प्रशिक्षण, तेही मानसिक आरोग्यातल्या प्रमाणित तज्ज्ञांकडून. धोक्याची चिन्हं ओळखणं, मानसिक प्रथमोपचार, पुढे कुणाकडे पाठवायचं. शिवाय वंचित घटकांतल्या मुलांशी कसं वागायचं याचं प्रशिक्षण, आणि त्यात प्रशासकीय कर्मचारीही आले. ‘शिक्षकेतर’ हा शब्द त्या आदेशात आहे. तो वाचल्यावरही एखादे प्राचार्य व्यासपीठावरून आम्हाला प्रशिक्षण नको म्हणत असतील, तर शिस्तीचा प्रश्न आमच्याकडे नाही.

आता तो खरा मुद्दा. सर म्हणाले, प्रशिक्षणं म्हणजे नुसता देखावा असतो. खरं आहे. मी अशा किती कार्यशाळांना बसले असेन. मागे फ्लेक्स, पुढे पाहुणे, ‘ताणतणाव व्यवस्थापन’ नाहीतर ‘व्यक्तिमत्त्व विकास’. दीपप्रज्वलन, पाऊण तास भाषण, चहा-बिस्कीट, ग्रुप फोटो, प्रमाणपत्र. नॅकच्या पाहणीत शिक्षकेतरांसाठी किती प्रशिक्षण कार्यक्रम घेतले ते दाखवावं लागतं, म्हणून फोटोला तारखेचा शिक्का हवा. आम्हालाही ते ठाऊक असतं. चार वाजता टेबलावर परत येऊन आम्ही पुन्हा ‘डॉक्युमेंट नॉट प्रॉपर’ लिहायला लागतो. पण याचा अर्थ काय निघतो? भात कच्चा राहिला म्हणून कुणी जेवणच बंद करत नाही. हे वर्ग आमच्या कामाशी बोलत नाहीत, म्हणून ते वाया जातात.

कामाशी बोलणारा वर्ग कसा असतो तेही मी पाहिलं आहे. २००८ मधे आम्ही आसपासच्या कॉलेजांतल्या सहा जणांनी महिन्याचा एक शनिवार ठरवला. समाजकल्याणमधून निवृत्त झालेले एक लिपिक यायचे. आम्ही परत आलेले अर्ज आणि त्रुटीपत्रं न्यायचो, नावांवर कागद चिकटवून. एकेक अर्ज मधे ठेवायचा: हा का परत आला, तू काय लिहिलंस, मुलाला काय कळलं असेल? पहिल्या शनिवारी आम्ही सगळे एकमेकांच्या चुका झाकत होतो. तिसऱ्या शनिवारी वॉचमनकडे जाऊन बसायची सवय असलेल्या एका मुलाबद्दल अर्धा तास बोललो, त्याच्या अर्जात काहीच चूक नव्हती तरी. त्या दीड वर्षात माझ्या टेबलावरचे अर्ज परत यायचं प्रमाण मला स्वतःला जाणवण्याइतकं कमी झालं. खर्च म्हणजे चहा आणि एसटीचं भाडं, तोही आमचाच. मग संस्थेने सांगितलं की त्या शनिवारची ‘ऑन ड्युटी’ मिळणार नाही, रजा टाका. दोघांच्या रजा संपल्या, एकीची बदली झाली. वर्ग बंद पडला.

पैशाचा मुद्दा मी म्हणूनच फार ताणत नाही. कुणी म्हणेल, जागाच रिकाम्या आहेत. तो मुद्दा मात्र खरा आहे. तिघांचं काम एकजण करत असेल तर त्याला शनिवारी सोडणार कसं? जागा भरल्याच पाहिजेत. पण न भरलेल्या जागेवर जो एकटा बसला आहे, त्याला तर सगळ्यात आधी शिकवायला हवं. त्याला चुकायची मुभा सगळ्यात कमी आहे.

मागच्या आठवड्यात पेन्शनच्या एका कागदासाठी कॉलेजात गेले होते. शिष्यवृत्तीच्या टेबलावर नवीन मुलगा. कंत्राटी, लागून तीन आठवडे झालेले. मला ओळखत नव्हता. शेजारच्या ताईंनी सांगितलं, “ह्या मॅडमनी नऊ वर्षं हेच टेबल केलंय.” तो लगेच खुर्ची सोडून उभा राहिला. मी त्याला बसवलं. त्याच्या स्क्रीनवर एक अर्ज उघडा होता, खालची चौकट रिकामी, कर्सर लुकलुकत होता. जातीच्या दाखल्यावरचं आडनाव आणि मार्कशीटवरचं आडनाव वेगळं. त्याने मान वर केली आणि हळूच विचारलं, “मॅडम, इथं काय लिहू?”

मी शेजारची खुर्ची ओढून घेतली. आधी मुलाचा फोन नंबर बघ म्हटलं, आणि फोन लाव.